सिॲटलचा बदललेला किनारा: बागा, शिल्पं आणि गुडघ्यांना झेपेल असा मार्ग

पायवाट

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सिॲटलमध्ये तीन पूर्ण दिवस आहेत. चार माणसं, त्यातली दोघं सत्तरीच्या आसपासची. सपाटीवर दोन-तीन किलोमीटर सहज चालतात, पण जिने आणि चढ नकोत. गाडी भाड्याने घ्यायची नाही. खरेदीत रस नाही. किनारा, बागा आणि उघड्यावरची शिल्पं निवांत बघायची आहेत.

घोळ असा की जुन्या प्रवासपुस्तकात किनाऱ्यालगत दुमजली उड्डाणपूल आहे, नव्या नकाशात तो नाही. एका लेखात पिअर ५८ (पाण्यात शिरलेला धक्का) बंद, दुसऱ्यात तिथे मुलं खेळताहेत. आता तिथे नक्की काय उभं आहे आणि सुरुवात कुठून करावी?

घाटमाथा

किनाऱ्याबद्दल २०१९ च्या आधीचं काहीही वाचू नका. तो पूल १९५३ मध्ये सुरू झाला, २००१ च्या भूकंपात खिळखिळा झाला, जानेवारी २०१९ मध्ये बंद करून त्याच वर्षी पाडला. त्यावरची वाहतूक आता शहराच्या पोटातून जाणाऱ्या सुमारे दोन मैलांच्या बोगद्यात गेली आहे. पुलाचा राडारोडा जवळच्याच बॅटरी स्ट्रीट बोगद्यात भरला, म्हणजे तो जुना बोगदाही संपला. 'पुलाखालून पलीकडे जा' असं वाक्य दिसलं की तो लेख मिटवायचा.

त्यानंतरचेही दोन टप्पे लक्षात ठेवा. पाइक प्लेस बाजार आणि पाणी यांना जोडणारा ओव्हरलूक वॉक ऑक्टोबर २०२४ मध्ये उघडला. पिअर ५८ चा जुना सांगाडा २०२० मध्ये पाडकाम चालू असतानाच कोसळला होता; त्या जागी नवीन पिअर जुलै २०२५ मध्ये उघडला. तुमचे दोन्ही लेख आपापल्या वेळी बरोबरच होते.

आता चढाचं. सिॲटलचा मध्यभाग पाण्यापासून वर चढत जातो. किनाऱ्याला समांतर रस्ते, म्हणजे ॲव्हेन्यू, बऱ्यापैकी सपाट. त्यांना छेदणारे रस्ते, म्हणजे स्ट्रीट, उभे. मॅडिसन, मॅरियन, कोलंबिया, जेम्स या रस्त्यांवर ज्येष्ठांना नेऊच नका, उतरायलासुद्धा नाही. उतरताना गुडघ्यांवर चढण्यापेक्षा जास्त भार येतो. त्यातल्या त्यात सौम्य पाइक आणि पाइन. नकाशाच्या ॲपमध्ये वेस्टर्न ॲव्हेन्यू आणि अलास्कन वे शेजारी-शेजारी दिसतात. प्रत्यक्षात मध्ये अख्खा कडा आहे.

पहिला दिवस असा करा:

वेस्टलेक स्टेशनला उतरून पाइन स्ट्रीटने पाइक प्लेस मार्केट. बाजार १९०७ चा. मूळ स्टारबक्ससमोरच्या रांगेत उभं राहू नका, आत बघण्यासारखं फारसं नाही. बाजाराच्या मागच्या अंगाला मार्केटफ्रंटचा गच्चीसारखा सज्जा आहे, तिथून ओव्हरलूक वॉक सुरू होतो. बाजारापासून पाण्यापर्यंतची सुमारे १०० फुटांची उंची तो टप्प्याटप्प्याने उतरवतो. त्याचा एक भाग मत्स्यालयाच्या ओशन पॅव्हिलियन या नव्या इमारतीच्या छतावरून जातो. रुंद पायऱ्यांचा जिना फोटोत छान दिसतो, पण तुम्ही लिफ्ट घ्या.

खाली आल्यावर डावीकडे, म्हणजे दक्षिणेकडे वळा. पिअर ५८, मग फेरीबोटीचा कोलमन डॉक, मग पायोनिअर स्क्वेअरजवळचा छोटा कृत्रिम किनारा. सगळं सपाट, दीड किलोमीटरच्या आत.

परतताना एक चूक हमखास होते. नकाशा जवळचं म्हणून 'पायोनिअर स्क्वेअर' स्टेशन दाखवतो. ते थर्ड ॲव्हेन्यूवर आहे, म्हणजे शेवटी चढ आलाच. त्याऐवजी भरावाच्या सपाट जमिनीवरून 'इंटरनॅशनल डिस्ट्रिक्ट / चायनाटाउन' स्टेशनला जा. थोडं लांब, पण चढ जवळपास नाहीच. वाटेत सेकंड ॲव्हेन्यू आणि मेन स्ट्रीटच्या कोपऱ्यावर वॉटरफॉल गार्डन आहे: चार भिंतींतली चिमुकली बाग आणि २२ फुटांचा धबधबा. यूपीएस या कुरिअर कंपनीचा जन्म याच जागी झाला, त्याची ती आठवण. बाग संध्याकाळी लवकर बंद होते, म्हणून दुपार टळायच्या आत गाठा.

खारा_वारा

घाटमाथा यांच्या मार्गाला +१. फक्त मत्स्यालय ते कोलमन डॉक या पट्ट्यात मान वर करून चालू नका, खाली बघा. पदपथाच्या पाण्याकडच्या बाजूला काचेच्या ठोकळ्यांच्या पट्ट्या आहेत. ही सजावट नव्हे.

जुनी समुद्रभिंत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातली, लाकडी खांबांवर आणि फळ्यांवर उभी. ग्रिबल नावाचे इवलेसे कवचधारी जीव ते लाकूड आतून पोखरत होते. २०१३ पासून भिंत नव्याने बांधायला घेतली. नदीतून समुद्राकडे निघालेली सॅमनची पिल्लं किनाऱ्याच्या उथळ पाण्यातून जातात. पिअर आणि पदपथ यांच्या काळ्याकुट्ट सावलीला ती बिचकतात, खोल पाण्यात वळतात आणि मोठ्या माशांच्या तोंडी पडतात. म्हणून पदपथ पाण्यावर पुढे काढला आणि त्यात काच बसवली, खाली उजेड पोचावा म्हणून. नव्या भिंतीचा पाण्याकडचा पृष्ठभाग मुद्दाम खडबडीत आहे, त्यात कप्पे आहेत. शेवाळ आणि शिंपले धरावेत म्हणून.

हे कप्पे ओहोटीलाच दिसतात. इथे भरती-ओहोटीतला फरक सरासरी ११ फुटांच्या वर जातो. उन्हाळ्यात मोठी ओहोटी साधारण भरदुपारी असते, हिवाळ्यात रात्री. सप्टेंबरअखेर हे चक्र बदलत असतं, त्यामुळे त्या आठवड्याचं भरतीचं वेळापत्रक आधी बघा आणि दिवस त्यानुसार लावा.

पिअर ५८ वर १९७४ चं कारंजं पुन्हा बसवलं आहे. कांस्याचे ठोकळे एकमेकांत गुंतवलेले. कोसळलेल्या पिअरवर हेच होतं. शेजारच्या जेलीफिशच्या आकाराच्या खेळण्यावर मुलांची झुंबड असते. शांतपणे कारंजं बघायचं तर सकाळी दहाच्या आत.

मीठभाकर

स्वच्छतागृहांबद्दल कोणी लिहीत नाही, म्हणून लिहितो. पाइक प्लेस मार्केटच्या खालच्या मजल्यावर, कोलमन डॉकच्या प्रतीक्षालयात, सेंट्रल लायब्ररीत आणि सिॲटल सेंटरच्या आर्मरी इमारतीत. ज्येष्ठ सोबत असतील तर थांबे याच हिशोबाने लावा.

शिल्पसखा

दुसरा दिवस पूर्ण ऑलिंपिक स्कल्प्चर पार्कला द्यावा असं माझं ठाम मत. स्पेस नीडल हा मनोरा बघून 'तासाभरात तेही उरकू' म्हणणारे त्या बागेचं निम्मंच बघतात.

जागेचा इतिहास कळला तर बाग कळते. इथे एका तेलकंपनीची इंधन साठवण्याची जागा होती, माती दूषित. मध्ये मोटाररस्ता, खाली मालगाडीचे रूळ. अशा तीन तुकड्यांवरून वाइस/मॅनफ्रेडी या वास्तुरचनाकारांनी इंग्रजी झेड आकाराची २,२०० फुटांची वाट घातली, जी रस्ता आणि रूळ दोन्ही ओलांडत ४० फूट खाली पाण्यापर्यंत येते. जानेवारी २००७ मध्ये खुली झाली. ९ एकर, प्रवेश मोफत, सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत.

जायचं कसं: वेस्टलेकहून मोनोरेल. १९६२ च्या जागतिक प्रदर्शनासाठी बांधलेली, एक मैलाहून कमी अंतर, दोन-तीन मिनिटं. सिॲटल सेंटरमध्ये उतरून ब्रॉड स्ट्रीट धरा. सुमारे एक किलोमीटर, वाट पाण्याकडे उतरत जाते. बागेत वरच्या दारानेच शिरा. खालून शिरलात तर सगळी वाट चढत बघावी लागते.

बघण्याचा क्रम:

वरच्या खोलगट भागात रिचर्ड सेराचं 'वेक'. वळणदार पोलादी पत्र्यांचे पाच आकार, १४ फूट उंच. लांबून बघून पुढे जाऊ नका, मधल्या फटींतून चाला. दोन पत्र्यांमधली जागा पावलागणिक अरुंद-रुंद होते, तेच शिल्प आहे. हात मात्र लावायचा नाही. हे पोलाद मुद्दाम गंजू दिलेलं असतं. वरचा गंजाचा थर आतल्या धातूचं रक्षण करतो. हाताचं मीठ आणि तेल त्या थरावर डाग पाडतं. खाली खडी आहे, चाकं रुततात. व्हीलचेअर असेल तर वरच्या वाटेवरून बघणं बरं.

मग अलेक्झांडर काल्डरचं 'ईगल', १९७१ चं, ३९ फूट, लालभडक. फोटोसाठी लोक समोरून उभे राहतात. थोडं बाजूला सरकून त्याच्या कमानीतून स्पेस नीडल पकडा.

मार्क डायनचं 'न्यूकॉम व्हिव्हेरियम' बहुतेकांचं हुकतं, कारण ते बाहेरून साध्या शेडसारखं दिसतं आणि मर्यादित वेळच उघडं असतं. आत ६० फूट लांबीचा उन्मळलेला हेमलॉक वृक्ष आहे, त्यावर नवी रोपं, नेचे, बुरशी, कीटक. जंगलातल्या पानांतून झिरपतो तसा उजेड यावा म्हणून काच हिरवट. पाणी, दमटपणा, माती सगळं माणसाने पुरवायचं. जंगलात जे फुकट होतं ते शहरात करायला किती यंत्रणा लागते, हेच तिथे दिसतं. आधी वेळ बघून जा.

खाली पाण्याकाठी हाउमे प्लेन्साचं 'एको', ४६ फुटांचा पांढरा, डोळे मिटलेला चेहरा. समोरून भरीव वाटतो. कडेने चालत गेलं की चपटा होत जातो. रस्त्याच्या टोकाला लुईस बुर्जुआचं 'फादर अँड सन' कारंजं. बाप आणि मुलगा दोघांवरची पाण्याची पातळी आळीपाळीने वर-खाली होते. एक झाकला की दुसरा दिसतो. दोन मिनिटांत निघालात तर एकच बघून जाल. तिच्याच डोळ्यांच्या आकाराच्या दगडी बैठकींवर मात्र खुशाल बसा, त्या बसण्यासाठीच आहेत.

बागेला लागून उत्तरेला मर्टल एडवर्ड्स पार्क. तिथे मायकल हायझरचं १९७६ चं 'ॲडजेसंट, अगेन्स्ट, अपॉन': तीन प्रचंड ग्रॅनाइट शिळा, तीन काँक्रीटचे ठोकळे. एक शिळा ठोकळ्याच्या शेजारी, एक टेकलेली, एक वर. नाव कळलं की कोडं सुटतं.

परत वर चढू नका. खालून अलास्कन वेने दक्षिणेला सपाट चालत ओव्हरलूक वॉकची लिफ्ट गाठा.

पायवाट

सगळ्यांचे आभार, मार्ग बराचसा ठरला. तीन प्रश्न. स्पेस नीडलवर चढावं का? पाऊस आला तर काय? आणि ट्रोल, म्हणजे फ्रीमाँट भागातलं पुलाखालच्या राक्षसाचं शिल्प, बघायलाच हवं का?

रुळावरून

आधी तिकिटांचं सांगतो, ते ठरलं की बाकीचं सोपं. विमानतळावरून लिंक लाइट रेल, वेस्टलेकला साधारण ४० मिनिटं. भाडं कुठूनही कुठेही ३ डॉलर, १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना मोफत. विमानतळाचं स्टेशन टर्मिनलला लागून नाही. पार्किंग इमारतीच्या चौथ्या मजल्यावरून पाच-सात मिनिटं चालावं लागतं. सामान आणि ज्येष्ठ दोन्ही असतील तर हा वेळ धरा.

बस-रेलच्या भाड्यासाठी प्रत्येकाचं वेगळं ओर्का कार्ड घ्या; एका कार्डावर चौघं जात नाहीत. दोन तासांच्या आत बस ते रेल असा बदल केला तर आधी भरलेलं भाडं वजा होतं. कागदी तिकिटावर तो फायदा मिळत नाही. मोनोरेल आणि फेरीवरही ओर्का चालतं, पण फेरीच्या भाड्यात बस-रेलचं ट्रान्सफर धरत नाहीत. रेल्वेत चढण्याआधी कार्ड टेकवा; भाडं सगळीकडे एकच असल्याने उतरल्यावर टेकवावं लागत नाही.

स्पेस नीडलबद्दल: निरीक्षण मजला ५२० फुटांवर, त्याखाली फिरणारी काचेची जमीन. वर गेलात तर एक गोष्ट नक्की हुकते, ती म्हणजे स्वतः नीडल. मला विचाराल तर तेच पैसे फेरीवर घाला. कोलमन डॉक ते बेनब्रिज बेट ३५ मिनिटं, पायी जाणाऱ्यांकडून भाडं फक्त जाताना घेतात, येताना मोफत. परतीच्या फेरीला पुढच्या डेकवर उभं राहिलं की अख्खं शहर हळूहळू मोठं होत समोर येतं. वारा मात्र बोचरा असतो, सप्टेंबरमध्येही कानटोपी ठेवा. धक्क्यावर जायला फर्स्ट ॲव्हेन्यूवरून मॅरियन स्ट्रीटचा पादचारी पूल थेट टर्मिनलच्या वरच्या मजल्यावर नेतो, रस्ता ओलांडावा लागत नाही.

घाटमाथा

फेरीला अनुमोदन, पण नीडल अगदीच निकालात काढू नका. हवा स्वच्छ असेल आणि रेनिअर पर्वत दिसत असेल तर चढा. ढग असतील तर पैसे वाया. तिकीट त्याच सकाळी आकाश बघून काढावं. आगाऊ काढलं तर थोडं स्वस्त पडू शकतं, पण पैज हवामानाशी असते.

पावसाचं उत्तर सेंट्रल लायब्ररी. वास्तुरचनाकार रेम कूलहास यांच्या ओएमए संस्थेने एलएमएन या स्थानिक वास्तुसंस्थेबरोबर केलेली, २००४ ची इमारत, मोफत. दहाव्या मजल्यावरून खाली बघा आणि चौथा मजला चुकवू नका: भिंती, जमीन, छत, सगळं लाल. शिवाय ही इमारत चढावर आहे, त्यामुळे फोर्थ ॲव्हेन्यूचं दार पहिल्या मजल्यावर उघडतं आणि फिफ्थ ॲव्हेन्यूचं तिसऱ्या. खालून शिरा, लिफ्टने वर जा, वरच्या दाराने बाहेर पडा. एक अख्खा चढ फुकटात टळतो.

शिल्पसखा

ट्रोल: १९९० चा, ऑरोरा पुलाखाली, १८ फूट, मुठीत खरी फोक्सवॅगन बीटल. फ्रीमाँटमध्ये इतर कामासाठी जाणार असाल तर जरूर बघा. फक्त त्याच्यासाठी जाऊ नका: पुलाखाली अंधार, फोटोसाठी गर्दी, आणि शेवटचा रस्ता चांगलाच चढाचा.

त्यापेक्षा व्हॉलंटिअर पार्क. डाउनटाउनहून १० नंबरची बस. इसामू नोगुचीचं 'ब्लॅक सन', १९६९, काळ्या ब्राझिलियन ग्रॅनाइटचं नऊ फुटी कडं. त्याच्या भोकातून पश्चिमेला स्पेस नीडल दिसतो. आजूबाजूला ऑल्मस्टेड ब्रदर्सने आखलेली बाग, जुनं काचघर. बाके भरपूर, चढ कमी.

खारा_वारा

गॅस वर्क्स पार्कवर कोणी लिहिलं नाही? कोळशापासून गॅस बनवणारा कारखाना १९०६ ते १९५६ चालला. रिचर्ड हाग यांनी मनोरे पाडण्याऐवजी तसेच ठेवून १९७५ मध्ये बाग केली. माती उचलून फेकण्यापेक्षा तिच्यातल्या जीवाणूंकडूनच तेलकट घाण खाववायची, ही कल्पना त्या काळी धाडसी होती. लेक युनियनपलीकडे अख्खं शहर दिसतं. काठावर बसा, पाण्यात मात्र उतरू नका. तळाच्या गाळात अजून विषारी द्रव्यं आहेत आणि तशी पाटीही आहे. काइट हिलचा माथा ज्येष्ठांना जमला नाही तर खालून दिसणारं दृश्य फार कमी नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी मात्र बॅलार्ड लॉक्स, म्हणजे पाण्याची पातळी बदलून बोटी वर-खाली नेणारी फाटकं. तुम्ही बरोबर वेळेला जाताय. सप्टेंबरअखेर कोहो सॅमन माशांच्या शिडीतून चढत असतात. शिडीला २१ पायऱ्या, बाजूला काचेच्या खिडक्या. चिनूक या दुसऱ्या जातीच्या सॅमनचा जोर तोवर ओसरलेला असतो. या खिडक्या असलेलं दालन जमिनीखाली आहे. सपाट वाट विचारून घ्या. प्रवेश मोफत, ४४ नंबरची बस जवळ सोडते. फाटकावरून पलीकडे जाताना वाट अरुंद आहे, सायकल हातात धरून न्यावी लागते.

उजेड_सावली

फोटोवाल्यांसाठी दोन ओळी. पश्चिमेच्या ऑलिंपिक पर्वतावर ऊन सकाळी पडतं. संध्याकाळी तो नुसती काळी रेघ असतो, आकाश रंगीत. आग्नेयेच्या रेनिअरवर ऊन संध्याकाळी. म्हणून किनारा सकाळी, टेकडीवरचं केरी पार्क संध्याकाळी. तुमच्या तारखांना सूर्यास्त सातच्या सुमारास, केरी पार्कला सहाला पोचा. २ किंवा १३ नंबरच्या बसने क्वीन ॲन ॲव्हेन्यू चढून हायलँड ड्राइव्हला उतरायचं, मग पश्चिमेला सपाट चालत. तिथे डोरिस चेसचं पोलादी 'चेंजिंग फॉर्म' आहे, १९७१ चं; त्याच्या भोकातून शहर टिपायला सगळे धडपडतात, तर पाच मिनिटं थांबून आपली पाळी घ्या.

वणव्यांचा धूर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये कधीकधी येतो. त्या दिवशी दूरचं काही दिसत नाही. लायब्ररी आणि व्हिव्हेरियम तेव्हासाठी राखून ठेवा.

रुळावरून

एक राहिलं. इतकी शिल्पं उघड्यावर का, असा प्रश्न येतोच. १९७३ मध्ये शहराने नियम केला: ठरावीक सार्वजनिक बांधकामांच्या खर्चातला एक टक्का कलेसाठी. त्यामुळे वीज उपकेंद्रं, पूल, एवढंच काय तर पदपथातली गोल झाकणंही सुटली नाहीत. डाउनटाउनमध्ये काही झाकणांवर त्या भागाचा नकाशा उठावात ओतलेला आहे. पाऊस पडून गेला की खाचांत पाणी साठतं आणि रस्ते उठून दिसतात.

पायवाट

ठरलं: पहिला दिवस बाजार ते चायनाटाउन, दुसरा मोनोरेल आणि शिल्पबाग, तिसऱ्या सकाळी लॉक्स, संध्याकाळी केरी पार्क. फेरी पहिल्या दिवशी कोलमन डॉकवरूनच घ्यावी का?

घाटमाथा

घ्या, पण दुपारी तीनच्या आधीची. कामाच्या दिवशी त्यानंतर घरी परतणाऱ्या नोकरदारांची गर्दी बेटाकडे जाते. आणि वॉटरफॉल गार्डन फेरीच्या आधी उरका, नाहीतर परत येईपर्यंत फाटक लागलेलं असेल.